वरच्या जबड्याच्या ऑपरेशननंतर तोंड उघडेना: मिलिमीटरचा हिशेब आणि घरचा व्यायाम

ओपीडीत खुर्चीवर बसायच्या आधीच माणसं बोटं दाखवतात. "ऑपरेशनच्या आधी तीन बोटं जायची मॅडम, आता दीड." कुणी बोलतही नाही, खिशातून चहाचा चमचा काढून ओठांना लावून दाखवतो. चमचा दातांवर आपटतो आणि तिथेच थांबतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांत दोन गट मोठे आहेत. एक, वरच्या जबड्याच्या, टाळूच्या किंवा गालाच्या आतल्या कॅन्सरचे. त्यामागे बहुतेक वेळा तंबाखू, मिश्री, मावा, गुटखा असतो. दुसरा गट २०२१ च्या म्युकरमायकोसिसचा: कोविडमधून उठले आणि काळ्या बुरशीत वरचा जबडा गमावून बसले. दोघांचीही गोष्ट पुढे सारखीच वळण घेते. ऑपरेशन नीट होतं, फ्लॅप (शरीराच्या दुसऱ्या भागातून आणून तिथे जोडलेली कातडी-चरबी) जगतो, रिपोर्ट चांगला येतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. आणि दोन-तीन महिन्यांनी लक्षात येतं की तोंड उघडतच नाही.

घरोघरी एक समजूत असते, "जखम भरली की आपोआप उघडेल." नेमकं उलटं होतं. जखम भरते ती आकसत. तोंडाच्या मागच्या भागातली जखम जितकी भरत जाते तितकी ती जबड्याला आपल्याकडे ओढते. म्हणजे वाट पाहणं हीच इथली सगळ्यात महागडी चूक.

आत नेमकं काय होतं

दात घट्ट आवळा आणि कानशिलावर बोट ठेवा. टचकन फुगतो तो एक स्नायू. जबड्याच्या कोपऱ्यावर फुगतो तो दुसरा. हे दोन्ही तोंड बंद करणारे. तिसरा आत असतो, बोटाला लागत नाही. तो वरच्या जबड्याच्या अगदी मागे असलेल्या हाडाच्या पातळ पाळ्यांना धरून खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला उतरतो. वरच्या जबड्याचा मागचा भाग काढावा लागला की या तिसऱ्या स्नायूचा खुंटाच जातो. कापलेला स्नायू जखमेत मिसळतो आणि भरताना दोरीसारखा कडक होतो. म्हणूनच फक्त पुढचा भाग काढलेल्या माणसाचं तोंड बऱ्यापैकी उघडं राहतं आणि मागपर्यंत ऑपरेशन झालेल्याचं आवळतं.

याशिवाय हाडाची एक अडचण असते, तिच्याबद्दल रुग्णाला सहसा कुणी सांगत नाही. खालच्या जबड्याला वर दोन शिंगं असतात. मागचं शिंग कानापुढच्या सांध्यात बसतं. पुढचं, चपटं शिंग तोंड उघडताना गालाच्या हाडाच्या मागच्या पोकळीत पुढे सरकतं. वरचा जबडा काढून तिथे मांडीचा जाड फ्लॅप भरला असेल, किंवा टाळूचं भोक झाकणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या प्लेटची कड तिथे येत असेल, तर हे शिंग तिच्यावर आदळतं. दार उघडायचंय आणि दारामागे कपाट आहे, तसं. म्हणून बरेच सर्जन मूळ ऑपरेशनमध्येच हे शिंग कापून टाकतात. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर 'कोरोनॉइडेक्टमी' असा शब्द आहे का पाहा. असेल तर हा अडथळा गेलेला आहे.

फरक घरीही थोडाफार ओळखता येतो. तोंड ताण बसत बसत, रबर ओढल्यासारखं थांबत असेल तर अडचण स्नायूची आणि व्रणाची आहे. तिथे व्यायाम चालतो. एका ठरावीक जागी कचकन, लाकडावर लाकूड आपटल्यासारखं थांबत असेल तर हाड अडत असण्याची शक्यता असते. तिथे जोर करून फक्त दुखणं वाढतं, आधी सर्जनना दाखवून सीटी स्कॅन पाहून घ्यावा लागतो.

काहींच्या बाबतीत टाळूचं भोक बुजवायला कानशिलावरचाच स्नायू आत वळवलेला असतो. कानशील खोलगट दिसतं आणि तोंड हमखास आवळतं, कारण बंद करणाऱ्या स्नायूलाच नव्या जागी चिकटवलंय. मग रेडिएशन. गावाकडे त्याला 'लाईट देणं' म्हणतात. साधारण सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस. त्याने स्नायूंत हळूहळू तंतू तयार होतात. त्याचा परिणाम लाईट संपली म्हणून संपत नाही, पुढचं वर्षभर आणि कधी त्याहीपुढे चालू राहतो.

सुपारी खाणाऱ्यांचा प्रश्न ऑपरेशनच्या आधीच सुरू झालेला असतो. सुपारीने गालाची आतली त्वचा पांढरट, चामड्यासारखी होते आणि तोंड वर्षानुवर्षं आवळत जातं. ज्याचं तोंड आधीच दोन बोटं उघडत होतं त्याला ऑपरेशननंतर तीन बोटांचं वचन कुणीच देऊ नये.

पहिलं काम: मोजा, आणि लिहा

वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांच्या कडांमधलं अंतर, तोंड जमेल तितकं उघडून. एवढंच माप. निरोगी मोठ्या माणसात ते साधारण ३५ ते ५५ मिलिमीटर असतं. ३५ पेक्षा कमी झालं की आम्ही त्याला ट्रिस्मस म्हणतो, म्हणजे तोंड उघडण्यावर आलेली मर्यादा. स्वतःचीच तीन बोटं उभी एकावर एक ठेवून दातांत जाणं ही त्याचीच घरगुती चाचणी. पण बोटांवर थांबू नका. बोटांना दोन मिलिमीटरचा फरक कळत नाही, आणि इथली लढाई दोन-दोन मिलिमीटरची आहे.

शाळेची प्लास्टिक पट्टी चालते, फक्त शून्याच्या आधीचा कोरा भाग कापून टाका. हार्डवेअरच्या दुकानात प्लास्टिकचा व्हर्निअर मिळतो, तो आणखी सोपा.

वरच्या जबड्याच्या रुग्णाची खरी पंचाईत पुढे आहे. वरचे पटाशीचे दातच नसतील तर मोजायचं कुठून? दोन पर्याय: हिरडीच्या कडेपासून, किंवा प्लेट घालून प्लेटच्या दातांपासून. कोणताही घ्या, पण एकदा घेतला की तोच ठेवा, आणि आकड्याशेजारी 'प्लेटसह' किंवा 'प्लेटविना' लिहा. हिरडीपासून मोजलं की दाताच्या उंचीइतकं, आठ-दहा मिलिमीटर, माप फुगलेलं दिसतं. एक काका आनंदाने आले होते, "एका आठवड्यात नऊ मिलिमीटर वाढलं!" मुलाने त्या दिवशी प्लेट काढून मोजलं होतं.

सकाळी व्यायामाच्या आधी एकदा, व्यायामानंतर एकदा. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तारखेच्या चौकोनात लिहून टाका, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी. वही हरवते, भिंतीवरचं कॅलेंडर हरवत नाही. सकाळच्या आकड्यावर लक्ष ठेवा. व्यायामानंतरचा आकडा नेहमी जास्त असतो, तो खुश करायला असतो. सकाळचा आकडा टिकतोय का, हे महत्त्वाचं.

ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर आजच मोजून ठेवा. पुढे सगळे त्याच आकड्याशी तुलना करतील.

सर्जनना विचारायचे तीन प्रश्न

व्यायाम कधी सुरू करायचा याचं एकच उत्तर नाही, कारण पुनर्रचना एका प्रकारची नसते. कुणाच्या टाळूला नुसती प्लेट असते. कुणाला मनगटाची किंवा मांडीची कातडी-चरबी रक्तवाहिन्यांसकट आणून जोडलेली असते. कुणाला पायातलं बारीक हाड, फिब्युला, कापून-वळवून नवा जबडा केलेला असतो आणि तो टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बसवलेला असतो. नुसत्या प्लेटवाल्या रुग्णाला लवकर हालचाल करता येते. हाड बसवलेल्याला थांबावं लागतं, हाडाला हाड जुळायला आठवडे नाही, महिने लागतात.

म्हणून घरी जाण्याआधी हे विचारून कार्डावर लिहून घ्या. एक, स्वतःच्या ताकदीने तोंड उघडायला कधी सुरुवात करू? दोन, बोटांनी किंवा काड्यांनी ताण द्यायला कधीपासून परवानगी? तीन, वरच्या कोणत्या दातांवर जोर चालेल आणि कोणत्या भागाला अजिबात हात लावायचा नाही?

तिसरा प्रश्न जवळजवळ कुणीच विचारत नाही आणि तोच वरच्या जबड्याच्या रुग्णाला सगळ्यात जास्त लागतो. इंटरनेटवर दिसणारे बहुतेक व्यायाम वरच्या दातांवर अंगठा टेकवून सुरू होतात. तुमचे वरचे दात जिथे आहेत ते हाड नवीन असेल, अर्धंच उरलं असेल किंवा त्याला पट्ट्या असतील तर तो अंगठा कुठे टेकवायचा हे त्या व्हिडिओला माहीत नसतं.

पहिल्या दिवसांत आणखी एक सांभाळायचं. फ्लॅपला रक्त पुरवणाऱ्या नळ्या गालाच्या आतून मानेपर्यंत आणून जोडलेल्या असतात. त्या बाजूला घट्ट पट्टा, गाल दाबून मालिश, त्या कुशीवर झोपणं, काहीही नको. फ्लॅपचा रंग निळसर-काळपट किंवा एकदम पांढराफटक झाला तर सकाळची वाट पाहायची नाही, तेव्हाच दवाखान्यात फोन.

रोजचा व्यायाम

परवानगी मिळाली असं धरून पुढचं लिहिते.

बसा ताठ, पाठीला आधार असलेल्या खुर्चीत, समोर आरसा. डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं असेल तर ते अर्धा तास आधी घ्या. दुखणं दाबून जास्त जोर करायचा, असा त्याचा अर्थ नाही. दुखण्याच्या भीतीने स्नायू आधीच आवळून धरला जातो, तो सैल व्हावा म्हणून ते घ्यायचं.

शेक देण्याबाबत जरा थांबून सांगते, कारण इथे भाजलेले गाल पाहिले आहेत. वरचा जबडा काढताना डोळ्याखालून गालात येणारी संवेदनेची नस बहुतेकदा कापली जाते. त्या गालाला, वरच्या ओठाला, नाकाच्या कडेला स्पर्श कळत नाही. आईने मायेने गरम पाण्याची पिशवी लावली, रुग्ण म्हणतो छान वाटतंय, आणि संध्याकाळी फोड. फ्लॅपच्या कातडीलाही गरम-गार कळत नाही. शेक द्यायचाच तर कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल, आधी आपल्या मनगटाच्या आत लावून पाहिलेला, आणि तोही कानशिलावर किंवा खालच्या जबड्याच्या कोपऱ्यावर, जिथे रुग्णाला स्पर्श कळतो तिथे, पाच-सात मिनिटं. लाईट चालू असलेल्या किंवा लालसर झालेल्या कातडीवर बिलकूल नाही.

१. स्वतःहून उघडणं. हळू तोंड उघडा, ताण जाणवला की थोडं पुढे जा, तिथे दहापर्यंत मोजा, हळू मिटा. दहा वेळा. आरशात हनुवटी पाहा. ऑपरेशन झालेल्या बाजूला ती सरकत असेल तर दोन बोटांनी हलका आधार देऊन मधोमध ठेवा.

२. सरकवणं. दात किंचित सुटे ठेवून खालचा जबडा डावीकडे, मग उजवीकडे, मग पुढे. प्रत्येक ठिकाणी पाच मोजा. हा व्यायाम लोकांना फालतू वाटतो, त्यामुळे पहिला हाच सुटतो. तोंड मोठं उघडताना जबड्याचा सांधा पुढे सरकावा लागतो, आणि ती सवय याच व्यायामातून परत येते.

३. बोटांचा ताण. अंगठा वरच्या दातांवर, पहिलं बोट खालच्या दातांवर, कात्रीसारखं. वरच्या जबड्यावर हा अंगठा फक्त न कापलेल्या बाजूच्या, सर्जननी चालतील म्हणून सांगितलेल्या पक्क्या दातांवर. वर टेकवायला जागाच नसेल तर वर ढकलूच नका. डोकं मागे भिंतीला टेकवा, दोन बोटं खालच्या पटाशीच्या दातांवर स्वच्छ रुमाल घेऊन ठेवा आणि खालचा जबडा सावकाश खाली ओढा. वरच्या जबड्यावर जोर जात नाही आणि काम तेच होतं. ३० सेकंद धरा, सोडा, श्वास घ्या. पाच वेळा.

४. काड्या. आईस्क्रीमच्या सपाट लाकडी काड्या स्टेशनरीच्या दुकानात गठ्ठ्याने मिळतात. एक काडी साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाड. सहज मावतील तितक्या काड्यांचा गठ्ठा चांगल्या बाजूच्या दातांमध्ये ठेवा, दाबून चावू नका. स्नायू सैल झाला की नवी काडी गठ्ठ्याच्या मधे सरकवा. वर किंवा खाली सरकवली तर दात आणि हिरडी खरवडते. काडी बसली की अर्धा ते एक मिनिट. काड्यांचा भार निदान तीन-चार दातांवर पसरला पाहिजे. एकट्या, हलत्या दातावर कधीच नाही. लाकूड लाळ पितं, म्हणून काड्या वापरून झाल्या की वाळवा आणि आठवड्याला नवा गठ्ठा घ्या.

५. यंत्र. थेराबाइट नावाचं हाताने दाबायचं यंत्र आहे. त्याची ठरलेली पद्धत सात-सात-सात अशी लक्षात राहते: सात वेळा ताण, प्रत्येकी सात सेकंद, दिवसातून सात वेळा. महाग आहे. आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत हाइस्टरचा स्क्रूवाला जबडा-उघडणी देतात किंवा दातांचे डॉक्टर अॅक्रिलिकचा पेच असलेला शंकू करून देतात. स्क्रूची ताकद हाताला कळत नाही, ही त्याची भीती. अर्धा फेरा, थांबा, श्वास, मग पुढचा. यंत्राची वरची पट्टी कुठे टेकते ते एकदा डॉक्टरांसमोर करून दाखवल्याशिवाय घरी वापरू नका.

यंत्र नाही म्हणून हळहळू नका. नेमाने काड्या लावणाऱ्यांची तोंडं उघडलेली मी पाहिली आहेत, आणि भारी यंत्र कपाटात ठेवून आवळलेलीही.

दिवसातून पाच वेळा तरी हे व्हायला हवं. एकदम तासभर करून दिवसभर सुट्टी, याचा उपयोग नाही; व्रण चोवीस तास आकसत असतो. आमच्या एका आजींनी ते घड्याळाऐवजी कामांना बांधलं: चहाआधी, आंघोळीनंतर, दुपारच्या जेवणाआधी, दिवेलागणीला, झोपताना. नातू दारातून यायचा तेव्हा ओरडून सांगायच्या, "आज सोळावी बसली!"

दुखण्याचा नियम असा: ताण चालतो, सुरी खुपसल्यासारखी कळ चालत नाही. व्यायामानंतर अर्ध्या तासात दुखणं उतरलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा आदल्या सकाळपेक्षा कमी आला, तर काल जोर जास्त झाला. व्यायाम बंद करायचा नाही, जोर कमी करायचा.

प्लेट काढून ठेवू नका

टाळू उघडी राहिली असेल तर दातांचे डॉक्टर ती बंद करणारी प्लेट देतात. सुरुवातीची तात्पुरती, आणि जखम बसल्यावर, साधारण तीन ते सहा महिन्यांनी, कायमची. प्लेट नसली की पाणी नाकातून येतं आणि बोलणं गेंगाणं होतं, हे सगळ्यांना कळतं. प्लेट जखमेला आतून धरूनही ठेवते, हे कळत नाही. टोचते म्हणून चार दिवस काढून ठेवली की पोकळी आकसते आणि तीच प्लेट पाचव्या दिवशी बसत नाही. टोचत असेल तर डॉक्टरकडून घासून घ्या, घरी चाकूने नको.

प्लेट आत घालायलाच तोंड पुरेसं उघडावं लागतं, ही गंमत आणि संकट दोन्ही. तिरकी करून, आधी चांगली बाजू आणि मग दुसरी, अशी युक्ती डॉक्टर शिकवतात. फारच कमी उघडत असेल तर दोन तुकड्यांत जोडणारी किंवा पोकळ हलकी प्लेट करता येते. पण कायमच्या प्लेटचं माप घ्यायला ट्रे तोंडात गेला पाहिजे. म्युकरच्या ज्या रुग्णांना गालाच्या हाडात लांब इम्प्लांट बसवून दात द्यायचे आहेत, त्यांच्यासाठी तर ड्रिलही लांब असतं, आणि ते आत नेऊन वळवायला चांगलंच तोंड उघडावं लागतं. "दात कधी बसवणार?" असं विचारणाऱ्याला मी आधी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवायला सांगते.

लाईटच्या दिवसांत

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलवटतं, गिळताना डोळ्यांत पाणी येतं, आणि सगळेच व्यायाम सोडतात. बोटं, काड्या, यंत्र बंद ठेवा, हरकत नाही. स्वतःहून उघडणं आणि सरकवणं मात्र चालू ठेवा, दिवसातून दोन वेळा का होईना. इथे कमावणं शक्य नसतं, फक्त गमवायचं नाही. सोललेली त्वचा भरली की परत काड्यांवर.

लाईट संपल्यावर पहिले आठ-नऊ महिने सगळ्यात धोक्याचे. माणूस घरी परतलेला असतो, शेतीची कामं, लग्नं, सगळं सुरू झालेलं असतं, आणि तोंड हळूच मिटत जातं. या काळात पाचच्या तीन वेळा झाल्या तरी चालतील, शून्य नको.

खाणं आणि दात साफ करणं

थोडक्यात सांगते. तोंड दोन बोटं उघडत असेल तर मऊ भात, मेतकूट-तूप, मुगाची पातळ खिचडी, पिठलं, नाचणीची आंबील, वाटलेली डाळ, अंडं घोटून. छोटा, उथळ चमचा घ्या, आइस्क्रीमचा सपाट लाकडी चमचाही चालतो. त्याहून कमी उघडत असेल तर पेज, ताक, दूध-सत्त्व, लांब चोच असलेला फीडिंग कप. ताठ बसूनच, छोटे घोट. डाळीची पाणीदार आमटी पोट भरते पण जखम भरायला लागणारं प्रथिन त्यात फार कमी असतं, घट्ट डाळ वाटून द्या. वजन उतरत राहिलं तर नाकातून नळी घालायला संकोच नको, ती तात्पुरती असते. मधुमेह असेल तर, विशेषतः म्युकर होऊन गेलेल्यांनी, साबुदाणा-गुळाच्या पेजेवर दिवस काढू नयेत.

तोंड कमी उघडतं म्हणून मागच्या दाढा घासल्या जात नाहीत, त्या किडतात, आणि लाईट घेतलेल्या जबड्यातला दात काढणं हा साधा प्रकार नाही. तिथलं हाड भरत नाही आणि सडू शकतं. लहान मुलांचा छोट्या डोक्याचा ब्रश घ्या. एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा गुळणी. गुळणी गालात नीट फिरवता येत नसेल तर सुई नसलेल्या सिरिंजने सोडा, जोराने नाही. लाईट सुरू होण्याआधीच दातांच्या डॉक्टरांना दाखवून खराब दातांचा निकाल लावून घ्या. आणि मिश्री हे दात घासायचं औषध नाही. ऑपरेशननंतरही "थोडीशीच लावते" म्हणणाऱ्या आजी मी पाहिल्यात.

किती अपेक्षा ठेवायची

लवकर सुरू केलेल्याला सुरुवातीच्या आठवड्यांत दोन-तीन मिलिमीटर मिळतात, मग आकडा अडतो. दोन-दोन आठवडे एकाच जागी. तेव्हा लोक सोडतात. १८ वरून २३ होणं म्हणजे कागदावर पाच मिलिमीटर, ताटात मात्र चमचाभर जेवण, आणि पोळीचा दुमडलेला तुकडा. ३५ गाठता आलं नाही तरी प्लेट स्वतः घालता येणं, मागच्या दाढेपर्यंत ब्रश जाणं, डॉक्टरांना आत टॉर्च मारून पाहता येणं, ही तीन कामं होत असतील तर मी समाधानी असते. तिसरं विसरू नका: तोंड मिटलेलं असेल तर परत आलेला आजार दिसतही नाही.

कधी व्यायाम थांबवून दाखवायचं

कॅलेंडरचा खरा उपयोग इथे होतो. नीट चाललेला आकडा एक-दोन आठवड्यांत पाच मिलिमीटर किंवा जास्त घसरला आणि व्यायाम तर चालू आहे, तर तो आळस नाही. आजार परत येणं, आत पू होणं, लाईट लागलेलं हाड सडणं, यांची ती पहिली खूण असू शकते. सोबत नवीन दुखणं, न भरणारी जखम, कानात ठणका, ताप, दुर्गंधी, उघडी पडलेली धातूची पट्टी किंवा हाड, अचानक नाकातून येऊ लागलेलं पाणी यांपैकी काही असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. म्युकरच्या रुग्णाने डोळ्यामागचं दुखणं, पापणी पडणं, काळपट स्राव यांकडेही तसंच पाहायचं, आणि साखर तपासायची. अशा वेळी जोर करून काड्या घालत बसलेल्यांना मी रागावते.

व्यायामाने होईना तर

तीन-चार महिने खरोखर नेमाने करूनही आकडा हलला नाही तर पुढचे रस्ते आहेत. हाड अडत असेल तर ते शिंग काढता येतं. व्रण दोरीसारखा असेल तर तो सोडवून तिथे नवी कातडी किंवा फ्लॅप बसवता येतो. लाईटमुळे आलेल्या कडकपणात पेंटॉक्सिफायलिनच्या गोळ्या काही डॉक्टर देतात. थोडाफार फायदा काहींना होतो, सगळ्यांना नाही, आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ते आधी सांगावं लागतं. बोटॉक्सच्या इंजेक्शनने जबड्याच्या स्नायूत येणाऱ्या गोळ्याचं दुखणं कमी होतं, उघडणं त्याने फारसं वाढत नाही.

ऑपरेशनचा मार्ग निवडलात तर एक करार आधीच करून घ्या: टेबलावर उघडलेलं तोंड टिकवायला त्याच आठवड्यात, डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून, परत याच काड्या. तेव्हा केलं नाही तर नवी जखमही आकसते.

खर्चाची काळजी असेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का हे भरती होण्याआधी विचारा, नंतर नाही.

आणि एक चिठ्ठी खिशात ठेवा: वरच्या जबड्याचं ऑपरेशन झालंय, लाईट घेतलीय की नाही, आणि आजचं तोंड किती मिलिमीटर उघडतं. पुढे हर्नियासाठी असो की मोतीबिंदूसाठी, भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना हा आकडा सगळ्यात आधी हवा असतो. तोंड कमी उघडत असेल तर श्वासाची नळी नेहमीच्या पद्धतीने घालता येत नाही, जागेपणी नाकातून दुर्बिणीने घालावी लागते, आणि त्याची तयारी आदल्या दिवशी करावी लागते.